विसर्जन पाहिलेला माणूस

पहिल्या शनिवारी वर्गात सगळ्यांनी उभं राहून आपापली ओळख करून दिली. आम्ही बाराजण होतो. दोन वकील, कस्टममधला एक अधिकारी, चित्रांच्या गॅलऱ्यांमध्ये काम करणाऱ्या तिघीचौघी, एक विमा कंपनीतला. अभ्यासक्रम कलेच्या क्षेत्रातल्या गुन्ह्यांचा होता. चोरीला गेलेल्या मूर्ती, बनावट चित्रं, खोटी कागदपत्रं, हे सगळं एका वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेत शिकवायचं होतं. हेब्बाळच्या पुढे एका खासगी विद्यापीठात शनिवारी आणि रविवारी वर्ग भरायचे. मी तिथे का गेलो याचं उत्तर सोपं होतं. कंपनीत मी फोटो जुळवणारे प्रोग्रॅम लिहीत होतो आणि चपलांचे फोटो जुळवून कंटाळलो होतो.

शेवटच्या बाकावर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि छत्री. त्या उठल्या आणि सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "मी अहल्या अंबोरे. बनशंकरीतल्या एका कॉलेजात लायब्ररी असिस्टंट आहे. आमच्या जुन्या पुस्तकांतली रंगीत चित्रं कोणीतरी ब्लेडने कापून नेतं. आतापर्यंत बेचाळीस पानं गेली. मी तीनदा लेखी तक्रार दिली. प्रिन्सिपल म्हणाले, पुस्तक तर जागेवर आहे ना? म्हणून इथे आले."

दोघंतिघं हसले. वेणुगोपाल सर हसले नाहीत. सर निवृत्त पोलीस अधिकारी. नोकरीची शेवटची दहा वर्षं त्यांनी मूर्तिचोरांच्या मागे घालवली होती. त्यांनी विचारलं, "कोणती पानं, याची यादी आहे?"

"आहे सर. तारखेसकट."

"मग तुम्ही अर्धा अभ्यासक्रम करूनच आलात, मॅडम."

जेवणाच्या सुट्टीत त्या फोनवर बोलताना ऐकू आल्या. "अण्णा, ताक झाकून ठेवलंय. अय्यो, मांजर नाही, तुम्हीच सांडता ते." मी पुढे होऊन विचारलं, "अक्का, तुम्ही मराठी?"

"आम्ही चार पिढ्या इथलेच रे. तू कुठला?"

"निपाणीचा. अभिजीत."

"म्हणजे तुझी मराठी अजून ओली आहे. आमची वाळून अर्धी कन्नड झाली. हसायचं नाही हां." मग डबा उघडून म्हणाल्या, "घे. स्वल्प तिखट आहे."

त्या दिवसापासून दर शनिवारी मी त्यांच्या डब्यातलं खाऊ लागलो आणि त्या बदल्यात त्यांना संध्याकाळी गाडीने बनशंकरीपर्यंत सोडू लागलो. मी राहायला जे. पी. नगरला, त्यामुळे वाट वाकडी होत नव्हती. गाडीत त्या थोडंथोडं बोलायच्या. आई कस्तुराबाई त्या चौदा वर्षांच्या असताना गेली. भाऊ-बहीण नाही. लग्नाचं दोनदा ठरत आलं, पण वडिलांना एकटं सोडायचं कसं या प्रश्नावर दोन्ही वेळा थांबलं. तीस वर्षं एकाच लायब्ररीत नोकरी. हे सगळं त्या कोणाचंतरी सांगावं तसं सांगायच्या, मध्येच सिग्नलकडे बोट दाखवून "सुटला बघ" म्हणायच्या.

त्यांचे वडील आप्पाजी. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. चौऱ्याऐंशी वर्षांचे, ताठ, कानाने थोडे कमी. पूर्वी पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, त्यांचं कापडाचं दुकान होतं. तिथल्याच एका गल्लीत त्यांच्या समाजाचं भवानीचं छोटं देऊळ आहे. अण्णा त्या देवळाचे अनेक वर्षं सेक्रेटरी होते. मला पहिल्यांदा पाहिल्यावर त्यांनी विचारलं, "तू पण गुन्हे शिकतोस?"

"हो अण्णा."

"पकडायचे की करायचे?"

"आधी कसे करतात ते शिकवतात."

"मग हिला नापास करतील," ते अक्कांकडे मान वळवून म्हणाले. "हिला दुधात पाणी घालता येत नाही."

जानेवारीत सरांनी एक प्रात्यक्षिक दिलं. प्रत्येकाने ओळखीच्या देवळातला किंवा घरातला मूर्तीचा जुना फोटो आणायचा आणि गेल्या काही वर्षांत परदेशी लिलावांत विकायला आलेल्या आणि येणाऱ्या वस्तूंच्या फोटोंशी तो ताडून बघायचा. मी त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. मला वाटलं होतं, काहीही सापडणार नाही, पण प्रोग्रॅम सगळ्यांना दाखवता येईल. अक्कांनी देवळातल्या नवरात्राचा फोटो आणला. काळापांढरा, कडा वळलेला, मागे शाईने १९७९ लिहिलेलं. मधोमध पंचधातूची उत्सवमूर्ती. वीतभर उंच, अष्टभुजा.

"ही आता नाही," त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी साली पालखीतून पडली, डाव्या बाजूचा खालचा हात मनगटातून मोडला. भग्न मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. नवी केली, जुनी श्रीरंगपट्टणला संगमावर विसर्जन केली. मिळणार काही नाही, पण फोटो चांगला आहे म्हणून आणला."

प्रोग्रॅमने चाळीस फोटो काढून दिले. मी वरचे तीन बघत होतो. अक्का चष्मा कपाळावर ढकलून पडद्याजवळ आल्या आणि नवव्या फोटोवर बोट ठेवलं. बराच वेळ बोट तिथेच होतं.

"मोठं कर."

मी मोठं केलं. परदेशातल्या एका लिलावात मार्चमध्ये विकायला येणारी वस्तू. भवानी, पंचधातू, डावा खालचा हात नंतर जोडलेला. खाली लिहिलं होतं, 'दीर्घकाळच्या पूजेमुळे चेहऱ्यावर आलेली सुंदर झीज.'

"ती झीज चिंचेची आहे," अक्का म्हणाल्या. "घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही पोरी बसायचो चिंच लावून घासायला. नाक आमच्याच हातांनी गेलंय. आणि हे बघ." उजव्या गुडघ्याखाली धातूत एक खोलगट खूण होती. "इथे माझा अंगठा बसायचा. घासताना मूर्ती सटकू नये म्हणून इथे धरायची."

त्यांनी अंगठा पडद्यावर टेकवला. मी आनंदाने ओरडलो. संपूर्ण वर्ग गोळा झाला, कोणी फोटो काढले, कोणी माझी पाठ थोपटली. त्या ओरडण्याची मला आता लाज वाटते. अक्का ओरडल्या नव्हत्या. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मग त्या दिवशी पाण्यात काय सोडलं?"

वेणुगोपाल सरांनी पुढच्या आठवड्यात सगळं फळ्यावर मांडलं. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली याची साखळी दाखवता आली पाहिजे. लिलाववाल्यांच्या कागदांप्रमाणे ही मूर्ती १९६८ साली एका परदेशी जोडप्याबरोबर भारताबाहेर गेली. म्हणजे जुन्या मूर्ती देशाबाहेर न्यायला बंदी करणाऱ्या कायद्याच्या आधी, बिनधोक. अक्कांचा फोटो १९७९चा. तेव्हा मूर्ती पेटेतच होती.

"म्हणजे त्यांचे कागद खोटे," मी म्हणालो.

"ते काय म्हणतील सांगू?" सर म्हणाले. "ते म्हणतील, तुमची मूर्ती वेगळी, आमची वेगळी. एका साच्याच्या दोन. तुमचीचं काय झालं, तुमच्याच देवळाच्या वहीत बघा. मॅडम, वहीत काय आहे?"

अक्कांनी वहीची प्रत आणली होती. त्यांनी वाचून दाखवलं, मग इंग्रजीत सांगितलं. 'श्रीभवानी उत्सवमूर्तीचे संगमावर यथाविधी विसर्जन झाले.' खाली सही, आप्पाजी अंबोरे, सेक्रेटरी.

"तुमचे वडील?"

"हो सर."

"म्हणजे तुमच्याच वडिलांच्या अक्षरात लिहिलंय की तुमची मूर्ती नदीच्या तळाशी आहे. गुडघ्यावरची खूण, नाकाची झीज, हे सगळं या एका ओळीपुढे लंगडं पडतं. ती पाण्यात गेली नाही, हे स्वतः पाहिलेला माणूस हवा. शपथेवर सांगणारा. तो मिळाला तर मी लिलाव थांबवण्याची नोटीस पाठवायला लावतो. नाही मिळाला तर मार्चमध्ये लिलावाच्या बुधवारी ती विकली जाईल, आणि नवा मालक तिला कपाटात ठेवेल की तिजोरीत, आपल्याला कधी कळणार नाही."

परत येताना अक्का म्हणाल्या, "अण्णांबरोबर गेलेले भटजी वारले. अण्णांनी बघितलंच नसणार. नियमच तसा आहे. तरी विचारते. तू पण चल, तू असलास की ते जरा मोकळे बोलतात."

अण्णा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. अक्कांनी लिलावाचा फोटो कागदावर मोठा छापून आणला होता, तो त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग त्यांनी कागदालाच नमस्कार केला.

"कुठे आहे?"

"फार लांब. विकायला काढलीय. अण्णा, संगमावर त्या दिवशी काय झालं?"

"वहीत लिहिलंय की."

"वहीतलं नाही. झालं ते."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी उठायला लागलो तर म्हणाले, "बस. तुझ्यामुळेच सापडलीय ना. मग ऐक."

ते हळू बोलले, प्रत्येक वाक्यानंतर थांबत.

"भटजींनी मूर्तीतलं देवपण कलशातल्या पाण्यात उतरवून घेतलं. ते पाणी नव्या मूर्तीवर घातलं. मग जुनी नुसती धातू उरली, असं शास्त्र म्हणतं. मी लाल कापडात बांधली. मी आणि भटजी दोघंच गेलो. संगमावर तेप्पावाले असतात, बुट्टीसारखी गोल होडी घेऊन. गाठोडं त्याच्या हातात द्यायचं, नमस्कार करायचा, पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. मागे बघायचं नाही. आमची आई सांगायची, मागे बघितलं की सोडलेलं ते पाठोपाठ घरी येतं आणि घरातलं एक माणूस घेऊन जातं. भटजी पुढे चालत होते. मी दहाबारा पावलं गेलो. मग बघितलं."

"का अण्णा?" अक्कांनी विचारलं.

"का म्हणजे? वीस वर्षं रोज सकाळी आंघोळ घातलेली. हात मोडलेली. नीट जातेय का, एवढंच बघायचं होतं."

"काय दिसलं?"

"होडी मध्ये गेलीच नव्हती. त्याने ती खडकाच्या आडोशाला लावली होती. गाठोडं सोडून आत बघितलं. मग पायापाशी ठेवलं, वर गोणपाट टाकलं. आणि रिकामे हात पाण्यात बुडवून वर काढले, सोडल्यासारखे. तेव्हाच त्याने मान वर केली. त्याने मला बघितलं, मी त्याला. मी पाठ फिरवली."

"ओरडला का नाहीत?"

"ओरडलो असतो तर भटजींना कळलं असतं, मी मागे बघितलं."

आत कुकरची शिट्टी झाली. अक्का उठल्या नाहीत.

"संध्याकाळी घरी आलो आणि वहीत लिहिलं. एकविसाव्या दिवशी तुझी आई गेली."

"आई काविळीने गेली, अण्णा. दोन महिने आधीपासून डोळे पिवळे होते."

"हौदु, खरंय," अण्णा म्हणाले. "डॉक्टर पण तेच म्हणाले होते."

अक्का आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नळाचा. मी आणि अण्णा समोरच्या रस्त्याकडे बघत बसलो. एका पालेभाजीच्या गाडीवरून 'सोप्पू, सोप्पू' असं ध्वनिमुद्रित ओरडणं चाललं होतं. छत्तीस वर्षं हा माणूस एवढी गोष्ट पोटात ठेवून जगला, आणि ती बाहेर काढणारा मी होतो, एका प्रोग्रॅमने.

पुढचे दिवस घाईचे गेले. आमच्या वर्गातली वकील मेघाश्री हिने प्रतिज्ञापत्र इंग्रजीत तयार केलं. अक्कांनी हट्टाने त्याचं मराठी केलं. वडील ज्यावर सही करतील ते त्यांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. रविवारी दुपारी त्यांनी ते अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. मी तिथेच होतो, कारण दुसरा साक्षीदार म्हणून माझी सही लागणार होती. पाच मुद्द्यांपर्यंत अण्णा मान डोलवत राहिले.

"सहा. मी आमच्या परंपरेविरुद्ध मागे वळून पाहिले."

"परत वाच."

अक्कांनी परत वाचलं.

"हे कुठे कुठे वाचतील?"

"लिलाववाले वाचतील. सरकारी ऑफिसात वाचतील. केस झाली तर कोर्टात."

"आणि देवळात?"

"देवळाच्या कमिटीला प्रत द्यावी लागेल अण्णा. मागणी त्यांच्या नावाने जायची आहे."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सहाच्या खाली कस्तुराचं घालायचं का?"

"आईचं काय त्यात?"

"तू म्हणालीस, झालं ते सगळं खरं सांगायचं. मग ते पण खरंच की. तिला मी सांगितलं नव्हतं. तिला कळलंच नाही, ती का गेली ते."

"अण्णा, असं काही नसतं."

"तुझ्या कोर्टात नसेल. सरी. ठीक आहे, उद्या सकाळी आंघोळ करून सही करतो. न आंघोळीची नको."

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी गाडी घेऊन गेलो. जे. पी. नगरमधल्या नोटरीला दहाची वेळ दिली होती. मूर्ती बुधवारी विकली जाणार होती. सोमवारी कागद गेला असता तर सरांच्या हिशोबाने पुरेसा वेळ होता.

अण्णा तयार होऊन बसले होते. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, कपाळाला गंध. एखाद्या लग्नाला निघाल्यासारखे. अक्का कागदांची फाइल घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या आणि दारातच थांबल्या. त्या भिंतीकडे बघत होत्या. मीही बघितलं. भिंतीवर जिथे कस्तुराबाईंचा फोटो असायचा, तिथे फिकट चौकोन उरला होता. फोटो खाली ट्रंकेवर ठेवलेला होता. उपडा. वर अण्णांचा पंचा टाकलेला.

अक्कांनी फाइल पिशवीत घातली आणि पिशवीची नाडी ओढली.

"अण्णा, कोट काढा. जायचं नाही."

"का?"

"सकाळीच सरांचा फोन आला. लिलाव थांबला. त्यांचे कागद खोटे निघाले. सही नको आता."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"हौदा रे? खरंच?"

सरांचा फोन आला नव्हता. आला असता तर मला आधी आला असता. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, ट्रंकेकडे बघत होत्या.

"हो अण्णा," मी म्हणालो.

"मग देवी येणार?"

"येणार," अक्का म्हणाल्या. "वेळ लागेल. सरकारी काम आहे."

अण्णांनी डोळे मिटले आणि टोपीवर हात ठेवला. मग म्हणाले, "कॉफी कर. दोन घोट यालापण दे. बिचारा उगाच सकाळी उठून आला."

बुधवारी मी ऑफिसात बसून लिलावाचं पान उघडं ठेवलं होतं. भवानीच्या फोटोखाली आधी आकडे बदलत गेले, मग एकच ओळ उरली, विकले गेले. अक्कांना मेसेज केला. उत्तर आलं, 'सरी.'

त्यांनी प्रबंध त्याच विषयावर लिहिला. फोटो, खुणा, चिंचेने झिजलेलं नाक, १९६८च्या कागदातल्या विसंगती, सगळं होतं. शेवटच्या प्रकरणात एक वाक्य होतं: 'विसर्जन प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार उपलब्ध नाही.' तोंडी परीक्षेत सरांनी त्या वाक्यावर पेन ठेवलं.

"मॅडम, साक्षीदार नाही की साक्ष नाही?"

"जे लिहिलंय ते तसंच राहू दे, सर."

सरांनी पेन उचललं. गुण मात्र त्यांनी नियमाप्रमाणे दिले. साखळी तुटलेली असेल तर जेवढे देतात तेवढे. अक्का जेमतेम पास झाल्या. ज्या बाईची यादी बघून सर पहिल्या दिवशी खूश झाले होते, तिच्या गुणपत्रिकेवर पुराव्याच्या विषयात सगळ्यांत कमी आकडा आला.

पण खरं अवघड घरी चाललं होतं. अण्णांनी ती सोमवारची गोष्ट लगेच कमिटीला कळवली होती. रिक्षाने देवळात गेले आणि सांगून आले, देवी परत येतेय. मग कोणी हार घेऊन घरी आलं, कोणी पेढे. गाभाऱ्यातला डावीकडचा कोनाडा अण्णांनी धुऊन घ्यायला लावला. अक्कांना सांगितलं, जुनी चिंच आणून ठेव, नवी चिंच काळं करते. अक्कांनी शोधून जुनी चिंच आणली आणि बरणीत मीठ घालून ठेवली. रोज संध्याकाळी त्या कामावरून आल्या की अण्णा विचारायचे, "काही कळलं?" आणि त्या म्हणायच्या, "फाइल दिल्लीला आहे." पुढे म्हणायच्या, "दिल्लीहून निघाली." मी एकदा म्हणालो, अक्का, सांगून टाका. त्या म्हणाल्या, "काय सांगू? की तुमच्यामुळे नाही आली?"

जूनपर्यंत हार बंद झाले. कमिटीचे अध्यक्ष विश्वेश्वर एकदा रस्त्यात भेटले. मी बरोबर होतो. "काय अहल्या, देवी विमानाने येतेय की तेप्प्याने?" ते म्हणाले आणि हसले. "अण्णांचं वय झालं, त्यांचं समजू शकतो. तू तर शिकलेली. आता ते गुन्ह्याचं पण शिकलीस." घरी जाईपर्यंत अक्का एका हाताने दुसऱ्या हाताचा अंगठा धरून चालत होत्या.

अण्णा सप्टेंबरमध्ये गेले, नवरात्राच्या दोन आठवडे आधी. तीनच दिवस अंथरुणावर होते. शेवटच्या सकाळी त्यांनी विचारलं नाही, काही कळलं का. फक्त म्हणाले, "माझ्या वेळी तू मागे बघू नकोस. तू एकटीच उरलीयस." अक्का मला म्हणाल्या, "अभि, अण्णांना कळलं होतं का रे?" मला माहीत नाही. कस्तुराबाईंचा फोटो मात्र पुन्हा भिंतीवर होता. तो कधी लावला, कोणी, तेही मी विचारलं नाही.

अस्थी घेऊन आम्ही दोघंच श्रीरंगपट्टणला गेलो. आभाळ भरलेलं होतं, नदी गढूळ आणि रुंद. भटजींनी विधी केला. मग अक्कांनी लाल कापडाने गळा बांधलेलं मडकं दोन्ही हातांनी धरून तेप्पावाल्याकडे दिलं, नमस्कार केला आणि पाठ फिरवली. दोन पावलांवर त्या माझ्याजवळ थांबल्या. समोरच बघत हळू म्हणाल्या, "तू घरचा नाहीस. तुला चालतं. बघ."

मी बघत उभा राहिलो. त्या चालत गेल्या, पायऱ्या चढल्या, एकदाही मान वळली नाही. होडी खडकाच्या पुढे गेली. फिरत फिरत मध्यावर आली. तेप्पावाल्याने मडकं दोन्ही हातांनी पाण्यावर धरलं आणि सोडलं. लाल कापड क्षणभर फुगलं, मग दिसेनासं झालं. मी घड्याळ बघितलं, दहा वाजून बेचाळीस मिनिटं. सरांनी तशी सवय लावली होती.

वर जाऊन मी सांगितलं. "मध्यावर सोडलं, अक्का. मी स्वतः बघितलं. दहा बेचाळीस."

"हो?"

"हो अक्का."

त्यांनी मान डोलवली. मंड्या मागे पडलं, मद्दूर आलं. चहाला थांबायचं का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाल्या. पाऊस सुरू झाला, मी काच वर केली. बिडदीच्या अलीकडे त्यांनी पुन्हा विचारलं, "पूर्ण गेलं ना पाण्यात?"

"पूर्ण. कापडासकट."

मी वायपरचा वेग वाढवला. मग त्या खिडकीबाहेर बघत, रागाने नाही, साध्या आवाजात म्हणाल्या, "त्या सोमवारी अण्णांना पण तू असाच हो म्हणाला होतास."

या वेळी मी खरं तेच सांगत होतो. पण त्यावर सही करणारा दुसरा कोणी माझ्याजवळ नव्हता. मी गाडी चालवत राहिलो.